मागची बाजू

पेटी फोडली, आधी नुसता भुसा निघाला.
मग आयाळ, मग नाक,
नाकावर तीनशे वर्षांची काजळी.
शारजा, सजाची औद्योगिक वसाहत, शेड नंबर चौदा,
बाहेर सत्तेचाळीस अंश.
बेनी सुपरवायझर कागद वाचतो :
संगमरवर, बरोक घाट, इटलीतल्या कुठल्या इमारतीचा
सज्जा पेलायचा हा.
जेबेल अलीला उतरला, शिक्का बसला.
माझ्यावरही बसला होता.
मला भुशात बांधलं नव्हतं, एवढाच फरक.

सिंह म्हणे.
घडवणाऱ्यानं सिंह पाहिला नसावा जन्मात.
कुत्रा पाहिला असेल, फार तर सासरा.
पण डोक्यावर ओझं आलं की कपाळाला
आठ्या कुठून कुठवर पडतात
ते त्यानं जवळून पाहिलेलं.
जबडा उघडा, वरचा सुळा तुटका.
गर्जना? छे.
गोणी उचलताना माणूस जे 'हं' करतो
तेवढंच.

मी हात फिरवत मागे गेलो.
सवय.
बाप म्हणायचा, देवाचं तोंड गिऱ्हाइकाचं,
पाठ पाथरवटाची.
मागे झिलई नाही. लोखंडी आकड्याचं भोक,
गंजाचा ओघळ, चुन्याचा पोपडा,
आणि टाकीचे घाव, घाईतले,
डावीकडून उजवीकडे उतरत गेलेले.

डावरा होता!

मी हातोडा डाव्या हातात धरला की
बाप पाठीत धपाटा घालायचा.
'टाक्येऽ पाट्याला' ओरडत गावं हिंडायचो आम्ही,
आणि बायका म्हणायच्या,
पोराची टाकी उलटी पडते, पण वाटण बारीक होतं.
याला कोण काय म्हणालं असेल, कुठल्या भाषेत,
कुणास ठाऊक.

फाटकाला खांब दोन आणि सिंह एक,
म्हणून मालकाला जोडी हवी.
कुन्हीमोननं मशिनला लावला नवा दगड.
एकोणीस तास. ना चहा, ना विडी.
सकाळी दुसरा तयार,
तोच जबडा, त्याच आठ्या,
सुळासुद्धा तिथंच तुटलेला.
मग मला बोलावलं :
याला म्हातारा कर.

चहाचं काळं पाणी. गंजलेल्या खिळ्यांचं पाणी.
साखळीचे फटके, फार नाही, अंदाजानं.
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही,
शाळेच्या भिंतीवर लिहिलं होतं.
साखळीच्या घावांनी किती वय येतं
ते नव्हतं लिहिलेलं.

रात्री मालनचा फोन.
पाटा गुळगुळीत झालाय, मिरची नुसती घसरते.
मिक्सर घे म्हटलं.
मिक्सर आहेच की, म्हणाली,
आणि बराच वेळ काही बोलली नाही.

शुक्रवारी शेड रिकामी.
नव्याच्या पाठीवर मशिनच्या रेघा,
तेल लावून विंचरल्यासारख्या.
मी टाकी घेतली. डाव्या हातात हातोडा.
सही वगैरे नाही केली.
पाट्याला लावतात तशी, दाटीवाटीनं,
वरून खाली, खांदा भरून येईपर्यंत.
धूळ मिशीत गेली. पाणी प्यालो.
कुणाला दिसणार नाही ते. पाठ भिंतीला जायची.

रविवारी रास अल खैमाचा ट्रक लागला.
दोघं शेजारीशेजारी, पट्ट्यांनी आवळलेले.
चढवता चढवता कागदी चिठ्ठी कुठे तरी पडली,
बेनी घामाघूम :
अरे, यातला जुना कुठला?
म्हटलं, मागे हात घालून बघ.
त्यानं घातला. याच्या, मग त्याच्या.
दोन्हीकडे खरखरीत.
माझ्याकडे बघत राहिला.

डावीकडचा, मी म्हणालो.
ट्रकच्या डावीकडचा की माझ्या,
ते त्यानं विचारलं नाही.